कबड्डी सुटली, आता मालीश शिकायची आहे. तीन आठवड्यांच्या डिप्लोमाला साठ हजार भरू का?

चढाईपटू_निपाणी

नमस्कार मंडळी. मी निपाणीची, वय २४. बी.कॉम. झालंय, एका पतसंस्थेत पिग्मीचे हिशेब जुळवते. आठवीपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कबड्डी खेळले. बोनस घेऊन वळताना पाय रुतला, वरून दोघी पडल्या आणि डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, नऊ महिने व्यायाम केले. आता पळते, जिना चढते, सगळं करते. खरं चढाईला जायचं म्हटलं की गुडघा हो म्हणतो आणि डोकं नको म्हणतं.

तरी संघासोबत जाते. पाण्याच्या बाटल्या, चिकटपट्टी, आणि पोरींचे पाय. पोटरीत गोळा आला की मला हाक, मांडी भरून आली की मला हाक. मुलांच्या संघाला चोळायला कुणीतरी माणूस असतो. पोरी पुरुषाकडून करून घेत नाहीत, आणि त्या तयार झाल्या तरी घरचे होत नाहीत. मागं चिकोडीच्या बाजूला एका स्पर्धेत दुसऱ्याच तालुक्याच्या चार पोरी माझ्यापुढं सतरंजीवर पाय पसरून बसल्या. "अक्का, आमचं पण बघ की." तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे काम म्हणून शिकता येईल का.

हात आईमुळं आला. आई बिड्या वळते. मांडीवर सूप, एका हातात कात्री, दिवसभर पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा. रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणका. सातवीत असल्यापासून रोज रात्री तिचा तळवा माझ्या मांडीवर. नेमकं कुठं दाबलं की तिच्या तोंडून श्वास सुटतो, ते मला अंधारातही सापडतं. पण ते आईच्या हाताचं झालं. खेळाडूच्या मांडीत काय असतं, हे मला माहीत नाही, हे मला माहीत आहे.

आता मुद्दा. पुण्याच्या एका इन्स्टिट्यूटचा रोज फोन यायलाय. तीन आठवडे, "इंटरनॅशनल स्पोर्ट्स मसाज डिप्लोमा", साठ हजार, वर जहाजावर नोकरीची हमी. साठ हजार म्हणजे माझी सगळी आरडी मोडायची. फिजिओथेरपीची डिग्री मला नाही, कारण बारावी कॉमर्समधून. घरात मामा म्हणतो मसाजचं काम म्हटल्यावर लोक काय समजतील, शहरात पार्लरच्या पाट्या बघितल्या नाहीस का. स्थळं पण बघायलेत.

बेळगाव की कोल्हापूर, कुठं शिकता येईल? बेळगावला आधार कार्ड दाखवलं की बस फुकट. कोल्हापूर जवळ, लालपरीत महाराष्ट्राच्या हद्दीपासून पुढं अर्धं तिकीट. वेळ फक्त रविवारी. आणि यावर जगता येतं का, हे कुणीतरी खरं सांगा.

चहा_बटर

आमच्या गल्लीतला न्हावी दाढीवर चंपी फुकट देतो. साठ हजार मला द्या, मी त्याचा नंबर देतो.

हौद्यातला_हात

वरच्या चहाबहाद्दराला हात जोडून. चंपीनं डोकं हलकं होतं, ते त्यांचं झालेलंच दिसतंय.

पोरी, साठ हजार आहेत तिथंच ठेव. आता मी कोण ते सांगतो, म्हणजे ऐकायचं की नाही ते तुला ठरवता येईल. मी बेळगावचा, आनंदवाडीच्या आखाड्याजवळ वाढलो. कुस्ती मनापासून केली खरं अंग भरलं नाही. वस्ताद म्हणाले, तुझ्या हाताला जोर आहे, मानेला नाही, तू मालिशीला बस. झालं. सकाळी जोर-बैठका संपल्या की पैलवान ओळीनं पालथे पडायचे आणि मी पिंढरीपासून खांद्यापर्यंत तेल जिरवायचो. कधी पायानं रगडायचो, पाठीवर उभा राहून. वीस वर्षं ते केलं. पुढं फुटबॉलची पोरं आली, क्रिकेटचे संघ आले, पळणारे डॉक्टर-वकील आले. आज माझं पोट यावरच चालतं. माझ्या टेबलाचा दर अर्ध्या तासाला चारशे. मैदानावर दिवसभर थांबायचं असेल तर दीड हजार आणि जेवण. पावसाळ्यात मंदी, दिवाळी झाल्यावर यात्रांची मैदानं सुरू झाली की बसायला फुरसत नाही. पहिली तीन वर्षं नोकरी सोडू नकोस, एवढंच त्यातलं घे.

आता जे कुणी सांगत नाही ते. दोन हजार नऊ साली एक एकोणीस वर्षांचा पोरगा आला. आदल्या दिवशी लढतीत समोरच्याचा गुडघा त्याच्या मांडीवर बसलेला. मांडी पुढच्या बाजूनं टणक, हाताला गरम लागायली होती. मी काय केलं? मोहरीचं तेल कोमट केलं आणि वीस मिनिटं रगडली. पोरगा ओठ चावत पडलेला, बाप शेजारी उभा, म्हणाला, चोळा की जोरात, पैलवान आहे तो. दोन दिवसांनी परत रगडली. पंधरा दिवसांत गुडघा काटकोनाच्या पुढं वाकेना. दीड महिन्यानं एक्स-रे काढला तर मांडीच्या मांसात ढगासारखी पांढरी सावली. हाड. मांसात हाड धरलेलं. डॉक्टरनी फिल्म उजेडाला धरून एवढंच विचारलं, "कुणी चोळलं?" मी बाहेर आलो आणि चप्पल शोधत राहिलो. चप्पल पायातच होती.

त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, हे नाव मला तेव्हा उच्चारताही येत नव्हतं. जोरात मार बसला की मांसात रक्त साकळतं. त्यावर ताबडतोब रगडारगड केली तर ते वाढतं, आणि कधीकधी शरीर तिथं हाड बांधायला लागतं. पोराचा पूर्ण हंगाम गेला. तो आजही भेटतो, चांगला बोलतो, त्याचंच जास्त लागतं.

त्यानंतर मी शिकायला लागलो, वयाच्या पस्तिशीत. कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शरीररचनेचं चित्रांचं पुस्तक आणलं. इंग्रजी येत नव्हतं, पोरीकडून नावं देवनागरीत लिहून घेतली. एका फिजिओ मॅडमच्या दवाखान्यात वर्षभर दुपारी फक्त बघत बसलो, टॉवेल घड्या घालायचो. मग सहा महिन्यांचा कोर्स केला. गंमत अशी, तिथं जे शिकवलं ते माझे हात आधीच करत होते. लांब हलका हात फिरवणं म्हणजे एफ्लुराज, कणकेसारखं मळणं म्हणजे पेट्रिसाज, थोपटणं-चोपणं म्हणजे टॅपोटमेंट, एका जागी आडवं घासणं म्हणजे फ्रिक्शन. फ्रेंच नावं. वस्तादांनी एकही नाव न घेता चारही शिकवलेले. जे वस्तादांना माहीत नव्हतं ते म्हणजे हात कधी लावायचा नाही. साठ हजार मागणाऱ्याला विचार, तीन आठवड्यांतले किती तास त्यावर आहेत.

तुझ्या उपयोगाचं आत्ताच सांगून ठेवतो. ताजा मार, सूज, काळंनिळं असेल तर कमीत कमी दोन-तीन दिवस त्या जागेला हात नाही. ताप असेल तर नाही. कातडीवर गोल लालसर चट्टा, नायटा दिसला तर नाही, नाहीतर एका पोरीचा दहा पोरींना तूच वाटशील. आमच्या तालमीत हे वर्षानुवर्षं झालंय. गुडघ्यामागचा खळगा, जांघ, गळ्याची पुढची बाजू, इथं अंगठा घुसवायचा नाही. दाब देताना हात हृदयाकडं जायचा, म्हणजे पोटरीत टाचेकडून गुडघ्याकडं. सामन्याआधी दहा मिनिटं, चटचट, हलकं, अंग जागं करण्यापुरतं. खोल रगडायचं असेल तर सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी. आदल्या रात्री मुळीच नको, सकाळी पाय जड येतात. सामना झाल्यावर सावकाश, हलका हात, म्हणजे दमल्यामुळं साठलेलं लॅक्टिक ॲसिड निचरून जातं.

आणि तू कबड्डीवाली, तुला हे माहीत असणार. कबड्डीत अंगाला तेल लावून उतरायला बंदी आहे, पकड सुटते म्हणून. कुस्तीतही तुकतुकीत अंग चालत नाही. म्हणून मैदानावर कोरडा हात शिक, कपड्यावरून, टॉवेलवरून. तेलावर तर कुणाचाही हात फिरतो. कोरड्यात कळतं कुणाला येतं.

मामाला सांग, २०११ साली आपण विश्वचषक जिंकला तेव्हा संघासोबत मसाजर म्हणून रमेश माने होते. सगळे खेळाडू त्यांना माने काका म्हणायचे. तेंडुलकरचा खांदा ज्या माणसाच्या हाताखाली असतो त्याला कुणी पार्लरवाला म्हणत नाही.

कानडी येतं ना? निपाणीत फारशी गरज पडत नाही, गोकाक-बैलहोंगलकडची पोरं आली की पडते. "एल्ली नोवु?", म्हणजे कुठं दुखतंय, एवढं विचारता आलं तरी निम्मं काम होतं. बाकी सावकाश म्हणजे त्यांच्यातही सावकाशच.

फिजिओ_टिळकवाडी

काकांचं मांडीचं उदाहरण मी माझ्याकडच्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते. पण काका, लॅक्टिक ॲसिडचं तेवढं काढा बघू. व्यायाम थांबला की लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच उरकतं, कुणी चोळो न चोळो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळं. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी २९ अभ्यास, हजारावर लोक, एकत्र करून पाहिले. मालिशीमुळं वेग, उडी, ताकद वाढते असं दिसलं नाही. अंग दुखणं थोडं कमी होतं आणि लवचिकता थोडी वाढते, एवढं दिसलं. थोडं म्हणजे थोडंच. खेळाडूला बरं वाटतं, झोप लागते, हेही कमी नाही. पण "विष बाहेर काढते" असं बोलणारी मालीशवाली तुम्ही होऊ नका, ही विनंती.

ताई, तुम्ही "मला माहीत नाही हे मला माहीत आहे" लिहिलंत, तिथं मी थांबले. आमच्याकडं चौथ्या वर्षालाही सगळ्यांना ते माहीत नसतं.

एक भीती आत्ताच मनात घालते. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखते, आणि त्या मुलीचं नुकतंच ऑपरेशन झालंय, पाय प्लास्टरमध्ये होता किंवा खूप लांबचा बसून प्रवास झालाय. गोळा आलाय समजून चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. तिथं तुमचं काम एकच, तिला दवाखान्यात पाठवणं, त्याच दिवशी.

दुसरं, मलमं. यात्रेत मिळणारी, लेबल नसलेली, "हिरवं औषध" वगैरे. टेनिसपटू यानिक सिनर २०२४ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडला, क्लोस्टेबॉल नावाच्या स्टेरॉईडसाठी. झालं होतं असं की, त्याच्या फिजिओचं बोट कापलेलं, त्यानं त्यावर एक स्प्रे मारला आणि त्याच हातानं सिनरला मसाज केला. कणभर औषध कातडीतून आत गेलं. प्रकरण वर्षभर चाललं आणि शेवटी त्याला तीन महिने बाहेर बसावं लागलं. तुमच्या पोरी उद्या राज्यावर, राष्ट्रीयवर खेळतील. स्वतःच्या हाताला काय लावता तेही लिहून ठेवायची सवय लावा.

कोर्सबद्दल. देशात खेळ आणि फिटनेस क्षेत्राची स्किल कौन्सिल आहे, सौंदर्य आणि वेलनेसची वेगळी आहे. कोणतीही संस्था "सरकारमान्य" म्हणाली की तिच्याकडं क्वालिफिकेशनचा कोड मागा आणि नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर तो स्वतः टाकून बघा. सापडला नाही तर विषय संपला. "इंटरनॅशनल" म्हणाले तर कोणत्या देशाची, कोणती पातळी ते विचारा. ब्रिटनमध्ये लेव्हल ३ म्हणजे इजा नसलेल्या स्नायूंवर काम, इजा झालेल्यांवर हात ठेवायला लेव्हल ४ लागते. तिथं आधी शरीररचना, मग प्रत्यक्ष मसाज करून त्याच्या नोंदींची वही, मग परीक्षा असते. तीन आठवड्यांत जहाजावर पाठवणारे नेमकी कोणती पातळी देतात ते मलाही ऐकायला आवडेल.

साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रांत मसाज करणाऱ्यांची पदं असतात, प्रो कबड्डीच्या संघांनाही ही माणसं लागतात. दोन्हीकडं कागद आणि अनुभव दोन्ही मागतात, म्हणून प्रमाणपत्र हवंच. फक्त ते शेवटी घ्या, आधी नाही. आणि पाटीवर "फिजिओ" लिहू नका. २०२१ च्या कायद्यानं फिजिओथेरपिस्ट ही नोंदणी असलेली वेगळी माणसं आहेत. "स्पोर्ट्स मसाज" लिहा, ताठ मानेनं लिहा.

तुमचं ऑपरेशन झालेला गुडघा हीसुद्धा शिदोरी आहे. पुन्हा उतरायला डोकं का नको म्हणतं, हे मी पुस्तकात वाचलंय, तुम्ही आतून बघितलंय.

हौद्यातला_हात

मॅडम, लॅक्टिक ॲसिड मागं घेतलं. वीस वर्षं सांगायलोय लोकांना. आता कुणाकुणाला फोन करू?

कंग्राळीची_आई

मी फार लिहीत नाही, वाचत असते. माझी मुलगी कुस्ती खेळते, ५३ किलोत. पहाटे पाचला तिला आखाड्यात सोडते, तिथून दूध घालायला जाते. तिच्या खांद्याला, मानेला रोज कुणीतरी हात लावायला पाहिजे, खरं बाई मिळत नाही. मीच चोळते, मला काय कळतंय. एकदा तिची मान धरली तेव्हा एका हाडवैद्यानं कडकन वळवली. पोर रात्रभर उशी चावत होती. तेव्हापासून कुणाच्या हातात देत नाही.

आमच्याकडं अशा सात पोरी आहेत. सातही घरच्यांना बाईच पाहिजे. पैसे जास्त देता येणार नाहीत, प्रत्येकी शंभर-दीडशे जमेल, पण दर आठवड्याला जमेल. मामा लोक काय म्हणतील म्हणतात ना? माझी पोर पहिल्यांदा कॉस्च्यूम घालून मॅटवर उतरली तेव्हा लोकांनी जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. आता तिच्या नावाचा बोर्ड चौकात लावायला तेच वर्गणी काढतात.

एक करशील का, दार उघडं ठेवून करायचं आणि आम्हा आयांपैकी एक तिथं बसणार. वाईट वाटून घेऊ नकोस.

चढाईपटू_निपाणी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण पतसंस्थेत महिनाअखेर होती.

काकू, वाईट कशाला वाटेल. उलट मीच ते मागणार होते. मी स्पर्धेत पण पोरीला आधी विचारते, कुठं हात लावू, कुठं नको. टॉवेल मी घरून नेते.

पुण्याला फोन केला. कोड विचारला. पलीकडची मुलगी म्हणाली थांबा सरांना विचारते. मग सर आले, म्हणाले, मॅडम आमचा कोर्स कोडच्या वरचा आहे. मग म्हणाले दोनच सीट राहिल्यात, आज भरलं तर पंचेचाळीस हजार. एका वाक्यात पंधरा हजार कमी झाले तेव्हाच माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. मग विचारलं, हात कधी लावायचा नाही हे किती तास शिकवता. म्हणाले, म्हणजे?

आरडी मोडत नाही.

आईला काकांचा मांडीचा किस्सा वाचून दाखवला. ती ऐकून आपल्या अंगठ्याकडं बघत बसली. म्हणाली, माझ्यात पण हाड धरलं असेल काय गं? तिला कसंबसं समजावलं, खरं आता मलाच शंका. मॅडम, आईला एकदा तुमच्याकडं आणू का?

आणि काका, येत्या रविवारी सकाळच्या बसनं येते. फक्त बघायला. टॉवेलच्या घड्या घालीन. येताना तेल कुठलं आणू, तिळाचं की मोहरीचं?

फिजिओ_टिळकवाडी

आईंना जरूर आणा. मुक्या माराचं ते वेगळं, त्यांचं बहुधा अंगठ्याच्या कंडरांचं (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं) असेल, पण बघितल्याशिवाय बोलत नाही. येताना त्यांचं सूप आणि कात्री घेऊन या. कशा बसतात, कात्री कशी धरतात, ते मला बघायचंय.

हौद्यातला_हात

तेल राहू दे. नखं कापून ये.